लट्टलूरपुराचे अधिपति



युरोपाचा इतिहास वाचतांना डच लोकांच्या ऑरेंज-नासाउ या राजघराण्याचें नांव तुमच्या दृष्टीस पडतें. हीं दोन्ही नांवें मूळचीं गांवांचीं आहेत. नासाउ हें जर्मनींतील लान नदीच्या कांठचें एक लहान गांव. ऑरेंज हें फ्रान्सच्या दक्षिण भागांत ऱ्होन नदीजवळ वसलेलें. पूर्वीं तें एक छोटेंसें स्वतंत्र संस्थान होतें. इ. स. १५४४ मध्यें नासाउ घराण्यांतील रेने हा रणांत निपुत्रिक पडला, आणि तें संस्थान त्याचा चुलतभाऊ विल्यम याजकडे आलें. विल्यम तेव्हां अवघा अकरा वर्षांचा होता. पुढें १५६८ मध्यें डच प्रांतांनीं स्पेनच्या बलाढ्य राजाविरुद्ध जें युद्ध आरंभिलें त्याचा नायक हाच झाला, आणि १० जुलै १५८४ रोजीं डेल्फ्ट येथें मारेकऱ्याच्या गोळीनें त्याचा अंत झाला.

इ. स. १७१३ च्या तहानें ऑरेंज संस्थान फ्रान्सच्या पदरीं पडलें. परंतु या घराण्यानें तें नांव सोडलें नाहीं. १८१५ मध्यें तें नेदर्लंड्सच्या राजपदावर आलें. १८९० पासून २०१३ पर्यंत विल्हेल्मिना, युलियाना व बेआट्रिक्स या तीन राण्या तेथें एकामागून एक झाल्या, आणि त्यानंतर विलेम-अलेक्झांडर राजा झाला. त्या देशाच्या गादीचा वारस अद्यापि ऑरेंजचा राजपुत्र अथवा राजकन्या या पदवीनें ओळखला जातो. गांव गेलें त्यास तीनशें वर्षें होऊन गेलीं. नांव मात्र राहिलें.

मूळ गांवाचें नांव असें जिवाभावानें जपणारें दुसरें एक घराणें त्याच्याही आठशें वर्षें आधीं होऊन गेलें, आणि त्याचें गांव शोधण्यास सातासमुद्रांपलीकडे जावयास नको. त्या घराण्याचे राजे हिमालयाच्या बाजूस स्वाऱ्या करीत, रामेश्वरास देवळें बांधीत. तथापि आपल्या बिरुदावलींत तें घराणें स्वतःस 'लट्टलूरपुराचे अधिपति' म्हणवीत असे. लट्टलूर म्हणजे आपलें लातूर, असें बहुतेक संशोधक मानतात. हें घराणें म्हणजे मान्यखेटचे राष्ट्रकूट होत. आपल्या जळकोटाच्या पश्चिमेस लातूर, उत्तरेस थोड्याच कोसांवर कंधार, आणि जवळजवळ सरळ दक्षिणेस, कर्नाटकांतील कागिणा नदीच्या कांठीं, मालखेड म्हणजेच मान्यखेट. या तीन स्थळांच्या मधोमध आपण राहतों. म्हणून या घराण्याची हकीकत आपणांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

प्रथम 'राष्ट्रकूट' या शब्दाचा अर्थ पाहूं. त्या काळीं 'राष्ट्र' हें देशाच्या एका विभागाचें नांव असे, आणि त्याचा जो मुख्य तो राष्ट्रकूट. म्हणजे हें मूळचें अधिकाराचें नांव. आपल्याकडे देशमुख, देशपांडे, कुळकर्णी हे हुद्दे जसे पुढें आडनांवें होऊन बसले, तसेंच तें आहे. ऑरेंज घराण्यासही आरंभीं राजेपण नव्हतें. 'स्टाटहाउडर', म्हणजे धन्याच्या जागीं बसून कारभार पाहणारा, हा त्याचा हुद्दा होता. हुद्द्यावरून चढत चढत सिंहासनापर्यंत जाणें हें दोन्ही घराण्यांच्या नशिबीं होतें. राष्ट्रकूटांचे पूर्वज लातूरकडून वऱ्हाडांत जाऊन राहिले असावेत, असें डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. तेथें तीं माणसें बदामीच्या चालुक्य सम्राटांचे मांडलिक म्हणून नांदत होतीं.

हें सारें आपणांस कळलें कसें, असा प्रश्न तुमच्या मनांत येईल. त्या राजांनीं आपली बखर लिहवून ठेविली नाहीं. त्यांचा इतिहास मुख्यत्वें दगडांवरील लेखांतून व ताम्रपटांतून जुळविला गेला. ताम्रपट म्हणजे दानपत्र. राजानें कोणास गांव अथवा जमीन दिली म्हणजे ती हकीकत तांब्याच्या पत्र्यांवर कोरीत. बहुधा तीन पत्रे घेऊन ते एका कडींत ओंवीत आणि कडीवर राजमुद्रा ठोकीत. राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर पुष्कळदां गरुडाची आकृति असते. लेखाच्या आरंभीं देवाचें स्तवन, मग दात्याच्या पूर्वजांची वंशावळ व त्यांचे पराक्रम, मग दान घेणाऱ्याचें नांव, गांवाच्या चतुःसीमा, शक व तिथि, आणि शेवटीं, जो कोणी हें दान हिरावून घेईल तो साठ हजार वर्षें विष्ठेंतील किडा होऊन राहील, असा शाप! यांपैकीं पराक्रमांचें वर्णन दरबारी कवीनें केलेलें असल्यामुळें तें जपून वाचावें लागतें. पण शक, तिथि व सीमा हीं खोटीं लिहिण्याचें कोणास प्रयोजन नसे. अशाच पत्र्यांच्या आधारें आतां घराण्याची कथा सांगतों.

घराण्याचा भाग्योदय दंतिदुर्गानें केला. त्यानें इ. स. ७५३ च्या सुमारास चालुक्य सम्राट दुसरा कीर्तिवर्मा याचा पराभव करून दक्षिणेचें स्वामित्व मिळविलें. कोल्हापुराकडील सामानगड येथें सांपडलेल्या शके ६७५ च्या ताम्रपटांत या विजयाचा उल्लेख आहे, आणि वेरूळच्या दशावतार लेण्यांतही त्याचा लेख आहे. तो निपुत्रिक वारला, म्हणून त्याचा चुलता पहिला कृष्ण गादीवर आला.

या कृष्णाचें नांव ज्यास ठाऊक नाहीं अशा माणसासही त्याचें काम ठाऊक असतें. तें म्हणजे वेरूळचें कैलास लेणें. इतर मंदिरें पायापासून वर चढवितात. हें मात्र डोंगराच्या माथ्यापासून खालीं खोदीत आणलें. सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असें अंगण कातळांत कोरून मधला दगड तसाच ठेविला, आणि त्यांतून शिखर, सभामंडप, खांब, हत्ती हें सर्व घडविलें. त्यांत दगडावर दगड रचलेला नाहीं. वरून खालीं येतांना एक छिन्नी चुकली तर तो दगड पुन्हां लावतां येत नाहीं. म्हणून सारें मंदिर आधीं मनांत पुरें असावें लागतें. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेंतील कर्क याच्या इ. स. ८१२-१३ च्या ताम्रपटांत या मंदिराचें वर्णन आहे. त्यांत असें म्हटलें आहे कीं, तें बांधणारा शिल्पीच तें पाहून विस्मित झाला आणि आपल्या हातून हें घडलें तरी कसें असें त्यास वाटलें. या शिल्प्याचें नांव त्या पत्र्यावर नाहीं. राजाचें नांव राहिलें आणि कारागिराचें गेलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कृष्णाच्या मागून त्याचा थोरला मुलगा दुसरा गोविंद राजा झाला. पण धाकटा भाऊ ध्रुव यानें इ. स. ७८० च्या सुमारास त्यास दूर सारून गादी घेतली. ध्रुव मोठा सेनानी होता. त्या वेळीं उत्तरेस कनोजसाठीं प्रतीहार राजा वत्सराज व बंगालचा धर्मपाल यांची चुरस लागली होती. ध्रुवानें दक्षिणेकडून जाऊन दोघांसही हरविलें. गंगा-यमुनांच्या दुआबांत दक्षिणचें सैन्य त्या वेळीं जाऊन पोंचलें. त्याचा मुलगा तिसरा गोविंद (इ. स. ७९३ ते ८१४) तर बापाहून वरचढ निघाला. त्याच्याविरुद्ध त्याचा भाऊ स्तंभ यानें बारा राजांचें कूट उभें केलें. गोविंदानें त्या सर्वांस जिंकलें. परंतु भावाचा जीव न घेतां त्यास पुन्हां म्हैसूरकडील गंगवाडी प्रांताचा अधिकारी नेमिलें. या घराण्यांत गादीसाठीं तंटे अनेक झाले. जिंकल्यावर क्षमा करणारा हाच एक विशेष उठून दिसतो. त्याच्या घोड्यांनीं हिमालयाच्या झऱ्यांचें पाणी पिलें, असें कवि सांगतात. कवींचें सोडून दिलें, तरी प्रतीहार राजा नागभट त्याजपुढें हरला आणि धर्मपाल शरण आला, एवढें मानण्यास हरकत नाहीं.

याच गोविंदाचा मुलगा पहिला अमोघवर्ष. इ. स. ८१४ मध्यें तो गादीवर बसला तेव्हां लहान मुलगा होता. मांडलिकांनीं बंड केलें, कांहीं काळ राज्यही हातचें गेलें. तेव्हां वर ज्याचा उल्लेख आला त्या गुजरातच्या कर्कानें पालकाचें कर्तव्य बजावून इ. स. ८२१ च्या सुमारास त्यास पुन्हां स्थिर केलें. कर्काचे हातीं सैन्य होतें, समोर पोर राजा होता. मनांत आणतां तर गादी आपणच बळकाविली असती. त्यानें तसें केलें नाहीं, म्हणून पुढचीं साठ वर्षें घडलीं. अमोघवर्षानें सुमारें चौसष्ट वर्षें, इ. स. ८७८ पर्यंत, राज्य केलें. मान्यखेट हें वैभवशाली राजधानीचें नगर त्याच्याच काळीं झालें. 'लट्टलूरपुराचा परमेश्वर' ही पदवी इ. स. ८६६ च्या शिलालेखांत आढळते, ती याच राजास दिलेली आहे. राजधानी मान्यखेट, राज्य नर्मदेपासून तुंगभद्रेच्याही पलीकडे, पण मान सांगावयाचा तो लट्टलूरचा!

अमोघवर्षास बापासारखी लढाईची हौस नव्हती; त्याचा ओढा विद्येकडे होता. जैन आचार्य जिनसेन यांस तो गुरु मानी. कानडी भाषेंतील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ 'कविराजमार्ग' त्याच्याच दरबारीं झाला. महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथही त्याच काळचा. तुम्ही वर्गांत लघुतम साधारण विभाज्य काढतां. अपूर्णांकांच्या बेरजेसाठीं तो काढण्याची रीत महावीराचार्यांनीं त्या ग्रंथांत दिली आहे. ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसल्यामुळें तीस वर्गमूळ नाहीं, असेंही त्यांनीं स्पष्ट सांगितलें. इ. स. ८५१ च्या एका अरबी प्रवासवर्णनांत जगांतील चार थोर राजे म्हणून बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा, कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट व 'बल्हरा' हे सांगितले आहेत. बल्हरा म्हणजे वल्लभराज, अर्थात् आपला राष्ट्रकूट राजा.

या राजाविषयीं संजान येथील इ. स. ८७१ च्या ताम्रपटांत एक अद्भुत गोष्ट आहे. प्रजेवर कांहीं संकट आलें असतां तें टळावें म्हणून अमोघवर्षानें आपल्या डाव्या हाताचें बोट कापून महालक्ष्मीस अर्पण केलें, असें त्यांत लिहिलें आहे. या कृत्याची शिफारस कोणी आज करणार नाहीं. परंतु ज्या ताम्रपटांत शत्रूंचीं मस्तकें उडविल्याच्या वर्णनांची रेलचेल असावयाची, त्यांत राजानें प्रजेसाठीं स्वतःचें रक्त सांडलें हें कवीस भूषण म्हणून लिहावेंसें वाटलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. राजाची थोरवी कशांत, याविषयीं त्या काळच्या लोकांची कल्पना त्यावरून कळते.

अमोघवर्षामागून दुसरा कृष्ण, आणि त्यामागून त्याचा नातू तिसरा इंद्र (इ. स. ९१४) गादीवर आला. इंद्रानें कनोज नगर हस्तगत केलें. पण त्याच्या कारकीर्दींतील मला विशेष सांगावीशी वाटते ती गोष्ट लढाईची नाहीं. पालघर जिल्ह्यांतील चिंचणी येथें इ. स. ९२६ चे ताम्रपट सांपडले. त्यांवरून दिसतें कीं, संजान भागाचा कारभार राष्ट्रकूटांनीं मधुमति नांवाच्या एका अरब अधिकाऱ्याकडे सोंपविला होता. मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप होय. या अधिकाऱ्यानें नद्यांवर फुकट नावा चालविल्या व वाटसरूंसाठीं भात, कालवण आणि तूप देणारें अन्नछत्र घातलें. तेथें एका ब्राह्मणानें देवीचा मठ बांधला असतां त्याच्या खर्चासाठीं जमीन देण्याचें काम या मुसलमान अधिकाऱ्यानेंच राजाच्या अनुमतीनें केलें. शैव, वैष्णव, जैन, बौद्ध या सर्वांस या राजांनीं दानें दिलीं, आणि अरब व्यापाऱ्यांस आपल्या मशिदी बांधूं दिल्या. अरब प्रवाशांनीं बल्हराची एवढी स्तुति कां केली याचें उत्तर यांत आहे.

पुढें चौथा गोविंद हा विलासी निघाला. मांडलिकांनींच त्यास पदच्युत करून त्याचा वृद्ध चुलता बद्दिग यास गादीवर बसविलें. त्याचा मुलगा तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) हा या घराण्याचा शेवटचा प्रतापी पुरुष. इ. स. ९४९ मध्यें तक्कोलमच्या लढाईंत चोळांचा युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असतां मारला गेला, आणि कृष्णाचें सैन्य रामेश्वरापर्यंत गेलें. याच्याच काळीं मान्यखेटास पुष्पदंत कवीनें अपभ्रंश भाषेंत 'महापुराण' रचिलें. आपली मराठी ज्या प्राकृत-अपभ्रंशांच्या कुळांत वाढली, त्या कुळांतील हें एक मोठें काव्य आहे.

या कृष्णास लेखांत 'कंधारपुरवराधीश्वर' असेंही म्हटलें आहे. म्हणजे आपल्या शेजारचें कंधार हें त्या काळीं घराण्याचें मानाचें नगर होतें. कंधार येथें मिळालेल्या शिलालेखावरून तेथील देवालयें, अन्नछत्रें व दानें यांची माहिती मिळते. त्या नगरीचा तलाव 'जगत्तुंगसमुद्र' या नांवानें ओळखला जातो. 'जगत्तुंग' हें या घराण्यांतील राजांचेंच बिरुद. तेथील भुईकोट किल्ल्याची उभारणीही कृष्णाकडे सांगतात. पुढें बहमनी, निजामशाही व मोंगल अंमलांत त्यांत पुष्कळ भर पडली.

कृष्णाच्या मागें उतरती कळा झपाट्यानें लागली. त्याचा भाऊ खोट्टिग याच्या वेळीं, इ. स. ९७२ मध्यें, माळव्याचा परमार राजा सीयक यानें मान्यखेट लुटलें. पुढच्याच वर्षीं तैलप नांवाच्या मांडलिकानें शेवटचा राजा दुसरा कर्क यास हांकून देऊन पुन्हां चालुक्यांचें राज्य स्थापिलें. दंतिदुर्गानें मांडलिक असतां चालुक्यांस उलथून पाडिलें होतें. सव्वादोनशें वर्षांनीं चालुक्य वंशाचाच अभिमान सांगणाऱ्या मांडलिकानें राष्ट्रकूटांस तेंच माप परत घातलें. कृष्णाचा नातू चौथा इंद्र यानें गादी परत मिळविण्याचा यत्न करून पाहिला. तो फसल्यावर श्रवणबेळगोळ येथें त्यानें जैनांचें सल्लेखना व्रत घेऊन इ. स. ९८२ मध्यें देह ठेविला.

राज्य संपलें, पण लट्टलूरचें नांव संपलें नाहीं. बेळगांवाकडील सौंदत्तीचे रट्ट राजे तेराव्या शतकापर्यंत आपल्या लेखांतून 'लट्टलूरपुरवराधीश्वर' ही पदवी अभिमानानें मिरवीत राहिले. ज्यांच्या राज्यांत लातूर मुळींच नव्हतें, त्यांनाही तो मान सोडवेना! ऑरेंज गांव नसतां ऑरेंजचें नांव धरून राहिलेल्या डच घराण्याची येथें आठवण होते.

हे राजे मराठी म्हणावे कीं कानडी, असा वाद विद्वानांत पुष्कळ झाला आहे. त्यांच्या लेखांच्या भाषा संस्कृत व कानडी. 'कविराजमार्गा'प्रमाणें कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरलेला. म्हणजे आपला हा सारा प्रदेश त्यांत आला. दुसऱ्या बाजूनें पाहतां त्यांचें सर्वांत थोर शिल्प आज महाराष्ट्रांत आहे, त्यांचें मूळ गांव महाराष्ट्रांत आहे. आपल्या भागांत तर एकाच बाजारांत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू या चारही भाषा कानीं पडतात. ज्यांच्या पदरीं अरब अधिकारी देवीच्या मठास जमीन देत होता, त्यांच्यावरून आपण भाषेसाठीं भांडावें हें त्यांस शोभलें नसतें, आणि आपणांसही शोभत नाहीं. दोघेही त्यांचे वारस आहेत.

राज्य मिळविण्यास या घराण्यानें जें जें केलें तें बहुतेक वाहून गेलें. कनोज जिंकलें तें सुटलें, रामेश्वर गेलें, मान्यखेटास आज पडके तट व जुनीं देवळें उरलीं आहेत. टिकलें तें कैलास लेणें, कंधारचा तलाव, गणिताचें पुस्तक, कवितेचें पुस्तक. राजांनीं जें दुसऱ्यांपासून घेतलें तें गेलें, आणि जें दुसऱ्यांस दिलें तें उरलें. या सव्वादोनशें वर्षांच्या इतिहासाचा याहून निराळा बोध मला दिसत नाहीं.

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस एक विनंति आहे. लातूर व कंधार यांचें हें नातें आपणांस कळलें तें केवळ कोणी तरी एखादा पत्रा आटविला नाहीं, एखादा दगड फोडला नाहीं, म्हणून. आपल्या तालुक्याच्या आसपास देवळांच्या पायऱ्यांत, विहिरींच्या कांठीं, शेताच्या बांधांत अक्षरें असलेले किंवा मूर्ति कोरलेले जुने दगड दिसतात. त्यांवर चुना फांसूं नये, घराच्या पायांत ते घालूं नयेत, कपडे आपटण्यास घेऊं नयेत. नांगरटींत तांब्याचा पत्रा निघाला तर तो भंगारवाल्यास न देतां तहसील कचेरींत कळवावें आणि शिक्षकांसही सांगावें. त्या पत्र्यावर एखादेच वर्ष, एखादेच गांव लिहिलेलें असेल. पण त्या एका वर्षावांचून एखाद्या राजाची, आणि त्या एका नांवावांचून एखाद्या गांवाची सारी हकीकत अंधारांत राहते. लट्टलूर हें नांव अशाच पत्र्यांनीं व दगडांनीं हजार वर्षें सांभाळून आपल्या हातीं दिलें. तें पुढच्या हातीं देणें आतां आपल्याकडे आलें आहे.